कपाटातलं टिंग

ती. अक्का हिस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रातला असला तरी खरा घातलाय. टेबलाखाली पडलेला एक स्क्रू शोधायला आडवा झालोच होतो, तेव्हा उरकून घेतला.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून रेलिंगला शिव्या घालतेस, की आता सवय झाली? भाऊजींचा खोकला थांबला असावा अशी आशा करतो. मागे फोनवर ते म्हणाले, की शाळेतून निवृत्त झालीस तरी अजून रोज घंटेला उठून बसतेस. (किंवा 'खाटेला' म्हणाले असतील. फोनची लाइन हल्ली फारच वाईट झालीय, सगळं पाण्याखालून बोलल्यासारखं येतं, म्हणून तर हे पत्र.)

इकडे सगळं क्षेम. मी मजेत आहे. ही गप्प असते, पण तिचं वाचनालयातलं काम तुला ठाऊकच आहे. दिवसभर लोकांना 'शू' करणाऱ्या बाईने घरी येऊन ओरडून बोलावं ही अपेक्षाच चूक. पूर्वी निदान शब्द तरी कळायचे. आता ती नुसते ओठ हलवते आणि वर माझ्याकडे असं बघते, जणू मीच काहीतरी परत करायचं पुस्तक हरवलंय. चष्म्याचं दुकान मात्र जोरात आहे. लोकांची नजर काय झपाट्याने बिघडतेय म्हणून सांगू! परवा एक भला माणूस तक्त्यावरचा 'प' सरळ 'म' वाचत होता, आणि 'त'ला 'द'. मी त्याला तीनतीनदा विचारलं, तरी तो हट्टाने तेच. मग काय करणार, दिला चांगला जाड नंबर. आणि माझ्याकडचं प्रत्येक गिऱ्हाईक येऊन एकच सांगतं, की डोळे ठीक आहेत हो, हल्ली छपाईच बारीक करतात. मी त्यांना हसतो. माणसाला आपला दोष कबूल करायला किती जड जातं बघ. तसं आपलं नाही. आपण मोकळेपणाने सांगतो की आपल्याला सगळं व्यवस्थित ऐकू येतं, फक्त लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

असो. पत्राचं कारण निराळंच आहे. तुला आठवतं का, शाळा सुटल्यावर मी कोपऱ्यावरच्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात घुसायचो आणि तू मला तिथून ओढून आणायचीस? तुला त्या दुकानाचा अंधार आठवत असेल, आणि तिथली पोरं. मला आठवतो तो आवाज. कपाटाएवढं ते यंत्र, त्याच्या पोटाशी एक फट, फटीतून नाणं सोडलं की आत कुठेतरी 'टिंग' व्हायचं. बारीक, लख्ख, काचेच्या गोळीने दुसऱ्या गोळीला टिचकी मारल्यासारखं. मग पडदा उजळायचा. मला खेळता काही यायचं नाही, मी लगेच मरायचो, पण त्या टिंगसाठी मी मधल्या सुट्टीत उपाशी राहिलोय. (हे आता सांगायला हरकत नाही, भाऊजींना वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.)

तर मी ते कपाट घरी बनवलंय. दुकानातलं जुनं चष्म्यांचं शोकेस मोडीत काढायचं होतं, त्याच्या फळ्या घेतल्या. खाली कापलं, वर तिरपं केलं, मधे आपला जुना टीव्ही उभा बसवला. पुढे दांडे आणि बटणं, आत साबणाच्या वडीएवढा एक कॉम्प्युटर, त्यात त्या काळचे सगळे खेळ. बैठकीच्या खोलीत खिडकीशी, हिच्या पुस्तकांची मांडणी होती तिथे ते उभं केलं. (पुस्तकं पलंगाखाली गेली. हिने त्यावर काहीतरी म्हटलं, पण प्रेमानेच असणार.) कपाटाच्या दाराला लाल रंग दिला. नाण्याची फटसुद्धा कापली आणि तिच्यामागे एक बटण बसवलं, की नाणं त्यावर पडलं रे पडलं की आवाज व्हावा. सगळं तयार झालं. नाणं टाकलं. पडदा उजळला, खेळ सुरू झाला, विमानं आली, बॉम्ब पडले. टिंग नाही.

आधी वाटलं, टीव्हीचे स्पीकर मागच्या अंगाला असतात, ते फळीकडे तोंड करून बसलेत, रुसलेल्या पाहुण्यासारखे. म्हणून हिचे कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर आणून पडद्याच्या वर बसवले. बॉम्ब आला, पण काडेपेटीत डास कोंडल्यासारखा. टिंग नाहीच. मी हिला हाक मारली, म्हटलं, तू ऐक. मी नाणं टाकलं, ती उभी राहिली, मान डोलावली आणि आत निघून गेली. त्या मान डोलावण्याचा अर्थ मी असा घेतला, की यांच्यात दम नाही, चांगले स्पीकर आणा.

गेलो. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक स्पीकरवाला आहे. हा तोच, 'प'ला 'म' वाचणारा. माझाच चष्मा घालून गल्ल्यावर बसतो, त्यामुळे ओळखीचं माणूस. त्याने मला वरखाली पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "किती वाट पाहताय?" अक्का, मी क्षणभर गहिवरलो. दुकानदार इतकं मनातलं विचारतो कुठे? मी म्हटलं, लहानपणापासून पाहतोय. त्याने चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाला, मला वॅट सांगा, वॅट. वॅट म्हणजे आवाजाचं बळ, हे मला तिथे कळलं. मी म्हटलं, भरपूर. मग त्याने विचारलं, चारला की आठला? मी म्हटलं, चारला माझं दुकान उघडं असतं, आठला येतो. त्याने मान हलवून आठ लिहिलेले दोन गोल स्पीकर पुढ्यात ठेवले, गाडीच्या दारात बसवतात तसले. ते आठ कसले हे मी विचारलं नाही. आपलं अज्ञान भर बाजारात कशाला उघडं करा.

आता गंमत ऐक. त्याच्याकडे मागे एक खोली आहे, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेली. तिथे एका स्टुलावर मला बसवलं आणि एकदा डावीकडचे स्पीकर वाजवले, एकदा उजवीकडचे, आणि विचारत राहिला, हे बरं की हे? आता? आणि आता? मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत हेच विचारत आलोय. आणि ते 'दुसरं बरं', 'आता बरं' म्हणतात तेव्हा मला नेहमी संशय यायचा, की यांना काहीच फरक कळत नाहीये, नुसते मला बरं वाटावं म्हणून सांगतायत. संशय खरा होता. मला दोन्ही सारखेच वाटत होते, दाराबाहेर कुणीतरी सतरंजी झटकल्यासारखे. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मी एकदा डावं म्हटलं, एकदा उजवं, आणि एकदा खोल विचार केल्यासारखं डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्याचा त्याच्यावर फार परिणाम झाला. तो म्हणाला, तुमचा कान तयार आहे. (हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.)

बरोबर एक अँप्लिफायरही दिला. स्पीकरला नुसतं बसवून भागत नाही, त्याला ढकलणारा कुणीतरी पाठीशी लागतो, नवऱ्यासारखं. त्याने फडताळातले खोके काढले, त्यावरचे आकडे आधी हात लांब करून वाचले, मग नाकाशी धरून वाचले, आणि एक माझ्या हातात ठेवलं, म्हणे, छोट्या खोलीला हाच. मला त्याचा हेवा वाटला. मी दिलेल्या नंबराने माणूस कसा आत्मविश्वासाने वाचत होता. खोकं मात्र छोट्या खोलीच्या मानाने बरंच जड निघालं. रस्त्यात दोनदा खाली ठेवावं लागलं.

पडद्याच्या वरच्या फळीला दोन गोल भोकं पाडली, स्पीकर खाली तोंड करून बसवले, म्हणजे आवाज थेट खेळणाऱ्याच्या कपाळावर पडावा. तारा जोडल्या, तांबडी तांबड्याला, काळी काळीला. आवाजाची चकती अर्ध्यापर्यंत फिरवली. बॉम्ब छान आला. कपाटावरची फुलदाणी चालत चालत कडेपर्यंत आली आणि तिने उडी मारली. ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली की बोका उठलाय. आपल्याकडे बोका नाही हे तुला माहीत आहे. पण मी तिच्याशी वाद घालत नाही. गॅलरीत बशीभर दूध ठेवलं. तर तिसऱ्या दिवशी खरंच एक बोका आला, पिवळा, एका कानाचा तुकडा गेलेला. तेव्हापासून रोज येतो. बायकांना या गोष्टी आधी कशा कळतात देव जाणे.

टिंग मात्र नाही. स्पीकरवाला म्हणाला, की खालची भर पाहिजे. म्हणून कपाटाच्या पायाशी एक वूफर बसवला. वूफर म्हणजे ढमढम तेवढीच करणारा, पोटातून बोलणारा स्पीकर. तो मला फार आवडला. ऐकू येण्याच्या आधी पायांच्या तळव्यांना कळतो. त्या दिवशी मी तासभर खेळलो आणि चक्क दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलो. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. डोक्यावर, खांद्यावर सगळा पांढरा भुगा. घरात रंगकाम काढलंय वाटतं. एरवी घुमा माणूस, जिन्यात भेटला तरी भिंतीकडे बघतो. पण त्या दिवशी दोन्ही हात हलवून सांगत होते, की घरात सारे हसतात. मला किती बरं वाटलं. मी म्हटलं, वकीलसाहेब, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. मग म्हणाले, छंद करा, ताबडतोब छंद करा. मी म्हटलं, करतोच आहे, तुमच्यासारख्यांचं प्रोत्साहन असलं की हुरूप येतो. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिने जमिनीकडे पाहिलं, आणि त्यांना पाणी दिलं. जाताना त्यांनी दोन्ही हात जोडले. मी चकती आणखी थोडी फिरवली, म्हणजे खाली नीट पोचावं.

आणि विक्रमाचा दिवस तर सांगायचाच राहिला. सुट्टी होती, ही गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली होती. वाऱ्याने असेल, गॅलरीचं दार लागलं आणि आतली कडी पडली, पण ते मला नंतर समजलं. मी कपाटापाशी उभा होतो आणि एकामागून एक विमानं पाडत होतो. मधेच लक्ष गेलं, तर काचेच्या दारापलीकडून ही माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. काचेवरच वाजवत होती, दोन्ही हातांनी, अगदी मनापासून. इतक्या वर्षांच्या संसारात हिने माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी एक हात सोडून तिला हात केला. ती आणखी जोरात वाजवू लागली. मग मी इरेला पेटलो. खेळ संपला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मी पडद्यावर पहिल्या नंबरला होतो. दार उघडलं तेव्हा ती सरळ पाण्याच्या माठाकडे धावली. भारावली असावी.

शेवटचा उपाय म्हणून ट्वीटर आणला. बारीक आवाजासाठीच असतो तो, एवढासा, कोटाच्या बटणासारखा. स्पीकरवाल्याने शपथेवर सांगितलं, की आता टिंग आलं नाही तर दुकान बंद करतो. जोडला. नाणं टाकलं. मी कान कपाटाला लावून उभा. गॅलरीतला बोका दूध टाकून जो उडाला तो समोरच्या छपरावर. ही दोन्ही कानांवर हात ठेवून आत पळाली. मला काहीच नाही. ट्वीटर बंदच निघाला. परत द्यायला गेलो तर स्पीकरवाल्याने तो माझ्यासमोर लावून दाखवला आणि बघा, वाजतोय, असं खुणेने सांगू लागला. माझा फार विरस झाला, अक्का. खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग येत नाही, पण ज्याला आपण स्वतःच्या हाताने नजर दिली त्याने तोंडावर असं बोलावं?

त्या रात्री जेवताना मी हिला म्हटलं, की कदाचित ते टिंग कधी नव्हतंच. लहानपणी मीच मनाने जोडलं असेल. तिने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणाली, पण हळू.

तर अशी सगळी खुशाली. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक
धाकटा

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. तुझ्या माळ्यावर शाळेचा जुना कर्णा पडलाय ना, पत्र्याचा, क्रीडांगणावरचा? ज्यातून तू नुसतं 'सावधान' म्हटलंस तर रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा थांबायचे? तो कुणाबरोबर तरी पाठव. आता फक्त त्याच्यावरच माझी भिस्त आहे. कपाटाच्या डोक्यावर बसवतो. बाहेर जायला जागा लागेल, तेव्हा खिडकी काढावी लागेल बहुधा.

ता. क. आणखी एक. हिलाही तुला दोन ओळी लिहायच्यात म्हणते, म्हणून खाली जागा सोडलीय.

सौ. वन्सं यांस सा. न.

वन्सं, कर्णा पाठवू नका. माळ्यावर असेल तर आधी भंगारात द्या.

वर जे लिहिलंय ते त्यांनी लबाडीने लिहिलेलं नाही. त्यांना खरंच तसंच ऐकू आलं. मी 'डोकं उठलंय' म्हणाले होते. बोका आता आपलाच झालाय, त्याचं काही नाही. वकील 'घराला हादरे बसतात' आणि 'बंद करा' म्हणत होते. त्यांच्याकडे त्या वेळी वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ आले होते. छताचा पोपडा पडला तसे दोघे घाबरून एका टेबलाखाली शिरले, एकमेकांना धरून बसले आणि बाहेर आले ते समेट करूनच. हातातली केस गेली म्हणून वकील जास्त चिडलेत. स्पीकरवाला तक्ता बरोबर वाचत होता. त्याने 'प'च म्हटलं होतं. चुकीच्या नंबराच्या चष्म्याने त्याने सभागृहाचा अँप्लिफायर आमच्या बैठकीत पाठवला. तो बिचारा दोनदा चष्मा बदलून मागायला आला, तर यांनी ऐकलं काय कोण जाणे, त्याला चहा पाजून परत पाठवलं. असे आणखी किती जण जाड काचा लावून गावात फिरतायत या विचाराने मला धडकी भरते.

गॅलरीत मी टाळ्या वाजवत नव्हते.

मी पुष्कळदा सांगून पाहिलं. हळू सांगितलं तर ऐकू येत नाही, मोठ्याने सांगितलं तर म्हणतात चिडतेस का. कागदावर लिहून दिलं, तर वाचून म्हणाले की अक्षर सुंदर आहे, आणि खिशात ठेवलं. दुसऱ्यांचे डोळे तपासून ज्याचं पोट चाललं त्याला स्वतःचे कान तपासायची लाज वाटते. तुमच्या शब्दाबाहेर मात्र ते नाहीत. तेव्हा तुम्ही या, आणि असं सांगा की तुमचेच कान दुखतायत, सोबतीला चल. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय.

एक मात्र तुम्हाला सांगते, त्यांना सांगायचा धीर झाला नाही. ते टिंग वाजतं, वन्सं. पहिल्या दिवसापासून वाजतंय. माझ्या त्या डासासारख्या स्पीकरमधूनसुद्धा वाजत होतं. मी भाजी चिरताना ऐकायची. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच आहे, काचेच्या गोळीसारखं. त्यांनी हाक मारून विचारलं तेव्हा मी हो म्हणूनच मान डोलावली होती. आता ते दुकानात गेले की मी कधी कधी एकटीच एक नाणं टाकते.

लवकर या.

ता. क. पुन्हा मी. पाकीट चिकटवायच्या आधी लिहितोय. हिने चांगलं पानभर लिहिलंय. मी वाचलं नाही, दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तूच शिकवलंस. फक्त विचारलं, काय लिहिलंस एवढं? तर माझ्या अगदी जवळ आली, हात धरला आणि सावकाश म्हणाली, "तुमच्या कर्ण्यासाठीच लिहिलंय." तिचे डोळे भरून आले होते, माझेही. अक्का, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुठल्या गोष्टीवर आमचं एवढं एकमत आजवर झालं नव्हतं.